‘आर्ट घेऊन का करते?’

दहावीचा निकाल लागला की वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या अल्लीपुरात दोन वाक्यं ठरलेली असतात. पोराला टक्के चांगले पडले असतील तर, “एवढे टक्के घेऊन आर्ट कायले घेते?” आणि कमी पडले असतील तर, “आता कायचं सायन्स, आर्टले टाकून दे.” बोलणारे तेच असतात. काका, मामा, शेजारचे गुरुजी, ऑनलाइन फॉर्म भरून देणारा केंद्रावरचा मुलगा. ही दोन वाक्यं शेजारी ठेवून पाहा. हुशार असेल त्यानं कला शाखा घ्यायची नाही आणि ज्याला दुसरीकडे जागा नाही त्यानं ती घ्यायची. म्हणजे इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र, तत्त्वज्ञान, भाषा आणि साहित्य, हे सगळं आपण उरलेल्यांसाठी ठेवून दिलं आहे.

हा समज नुसता चुकीचा असता तर मी त्यावर लिहीत बसलो नसतो. पण दर जूनमध्ये तो कुणाच्या ना कुणाच्या आयुष्याचा निर्णय करतो, आणि निर्णय करताना त्या मुलाला विचारत नाही. माझं म्हणणं असं आहे की कला शाखा पूर्ण विचारानं निवडण्याची गोष्ट आहे, आणि ज्या घरातून पहिल्यांदाच कुणी कॉलेजची पायरी चढतं आहे, त्या घराला या विषयांची गरज इतर कुणाहीपेक्षा जास्त आहे.

विरोधी बाजूचा सर्वात वजनदार मुद्दा आधी घेतो. तो शेतकरी बापाचा आहे आणि त्याला हलकं लेखण्याची माझी हिंमत नाही. पाच एकर कोरडवाहू. कापूस, सोयाबीन, तूर. २०१७ मध्ये बोंडअळीनं कापूस नेला, २०२३ मध्ये पिवळ्या मोझॅकनं सोयाबीन नेलं. असा माणूस विचारतो की पोराला शिकवून घरात काय येईल, तेव्हा तो लोभापायी विचारत नाही. त्याच्याकडे चुकायला जागाच नाही. त्याला ‘ज्ञानासाठी ज्ञान’ असं उत्तर देणं हा उद्धटपणा आहे.

पण तुलना कशाशी करायची, ते तरी त्याला कुणी नीट सांगतं का? कला शाखेची तुलना नेहमी डॉक्टर आणि इंजिनिअर झालेल्या पोराशी होते. गावातून सायन्सला गेलेल्या दहा पोरांपैकी त्या एकाचंच नाव सगळ्यांच्या तोंडी असतं. उरलेल्या नऊ जणांचा हिशोब कुणी मांडत नाही. नीटच्या क्लाससाठी नागपूर, लातूर, नांदेड. एक वर्ष ड्रॉप, कधी दोन. त्यासाठी बँकेचं नाहीतर सोयऱ्याचं कर्ज. मग मिळेल त्या कॉलेजात बी.एस्सी., किंवा अशा ठिकाणी इंजिनिअरिंग जिथं निम्मी बाकं रिकामी असतात. गेल्या पंधरा वर्षांत विदर्भातल्या अशा कॉलेजांमधल्या जागा किती ओस पडल्या आणि काही कॉलेजं कशी बंद झाली, हे आपण सर्वांनी पाहिलं आहे. आणि शेवटी तो मुलगा येऊन बसतो कुठं? तलाठी भरतीच्या परीक्षेला. २०२३ मध्ये ४,६४४ तलाठी पदांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले. अट होती कोणत्याही शाखेच्या पदवीची. त्या रांगेत इंजिनिअर होता, बी.एस्सी. होता, बी.ए.ही होता. मनाविरुद्ध सायन्स घेतलेल्या पोराची वाट बी.ए.च्या पोरापेक्षा वेगळ्या गावाला गेली नाही. तो उशिरा पोचला आणि कर्ज घेऊन पोचला, एवढाच फरक.

याच रांगेतली आणखी एक गोष्ट. स्पर्धा परीक्षेचा अभ्यासक्रम म्हणजे इतिहास, भूगोल, राज्यघटना, अर्थव्यवस्था, भाषा. ज्या विषयांना अकरावीत नाक मुरडलं तेच विषय पदवीनंतर पुण्यात खोली घेऊन, क्लासची फी भरून, शालेय पुस्तकांपासून पुन्हा शिकावे लागतात. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. गोल काळे करून भागणार नाही, पानभर मुद्देसूद लिहावं लागेल. ते लिहिणं आपण कुठं शिकवलं?

नोकरीचा मुद्दा मी इथंच सोडतो. तो खोडून काढणं आवश्यक होतं, पण कला शाखेची बाजू त्याच्यावर उभी नाही.

दुसरा आक्षेप शहरातून येतो आणि खेड्यात येऊन पक्का होतो. लिबरल आर्ट्स वगैरे पैसेवाल्यांचे लाड आहेत, आपल्याला ते परवडणारे नाहीत. मला या आक्षेपाचा सर्वात जास्त राग येतो, कारण त्यात अर्धं सत्य आहे. पुण्यात सिम्बायोसिसनं २०११ मध्ये लिबरल आर्ट्सचं स्वतंत्र महाविद्यालय काढलं. फ्लेम विद्यापीठ तिथंच आहे. हरियाणात अशोका विद्यापीठ २०१४ पासून चालू आहे. तिथं मुलगा अर्थशास्त्राच्या जोडीला इतिहास घेतो, गणिताच्या जोडीला तत्त्वज्ञान घेतो, आणि त्याचे आईवडील वर्षाला काही लाख रुपये आनंदानं भरतात. ज्यांच्याकडे पैसा आहे, ज्यांना जगाची वाट ठाऊक आहे, ते आपल्या मुलांना इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकवायला रांगेत उभे आहेत. आणि आमच्या गावात तेच विषय अनुदानित कॉलेजात नाममात्र फीमध्ये मिळतात तेव्हा आम्ही म्हणतो, वाया गेला पोरगा. पैसेवाल्यांनी ज्याची किंमत ओळखली ते आपण फुकट मिळत असताना टाकून देतो आहोत. हे विषय त्यांचेच, असं आपण मुकाट्यानं कबूल करून टाकलं आहे.

ते त्यांचे नाहीत. याचा पुरावा द्यायला मला परदेशी नाव शोधावं लागत नाही. बाबासाहेबांचा फोटो ज्या घरात आहे, आणि अल्लीपुरात तो पुष्कळ घरांत आहे, त्या घरात तरी हे ठाऊक असायला हवं.

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकायचं होतं. ते शिकू दिलं नाही, फारसी घ्यावी लागली. कोणता विषय कुणी शिकावा हे त्या वेळी जात ठरवत होती. पुढे एल्फिन्स्टन कॉलेजातून ते अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झाले आणि सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथं त्यांनी काय निवडलं ते पाहा. तीन वर्षांत अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मनचा प्रत्येकी एक. शिष्यवृत्तीची मुदत डोक्यावर, घरी दारिद्र्य, आणि हा तरुण तत्त्वज्ञानाचे पाच वर्ग करतो आहे. नोकरीचा हिशोब करणाऱ्या कुणीही त्याला सांगितलं असतं की बाबा, अर्थशास्त्र पुरे, मानववंशशास्त्र घेऊन का करते?

त्या मानववंशशास्त्राचं पुढे काय झालं? ९ मे १९१६ रोजी प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. जात टिकते ती जातीतच लग्न करण्याच्या बंधनातून, हा विचार त्यांनी पंचविशीत तिथं मांडला, आणि जातिअंताच्या पुढच्या सगळ्या विचाराचा पाया तिथं आहे. मुख्य विषयाबाहेरचा एक अभ्यासक्रम निवडल्यामुळे तो निबंध लिहिला गेला. अर्थशास्त्र सुटलं असंही नाही. १९२३ मध्ये लंडनची डी.एस्सी., रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ, मग चलनासाठी नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष. पण नुसत्या अर्थशास्त्रावर राज्यघटनेच्या मसुद्याचं काम झालं नसतं. त्याला इतिहास लागला, कायदा लागला, समाजशास्त्र लागलं, तत्त्वज्ञान लागलं. पुढे त्यांनी स्वतः १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं, तेही कला आणि विज्ञान दोन्हींचं. शिकून आलेला माणूस आपल्या लोकांसाठी पहिलं कॉलेज काढताना त्यात कला विषय ठेवतो, याचा अर्थ आपण कधी लावणार?

आणि शेजारच्या वऱ्हाडातले पंजाबराव देशमुख. अमरावती जिल्ह्यातल्या पापळचा शेतकऱ्याचा मुलगा. एडिंबरा आणि ऑक्सफर्डला जाऊन त्यांनी संशोधन कशावर केलं? वैदिक साहित्यातल्या धर्माच्या उगमावर. शेतकऱ्याच्या पोरानं इतकं लांब जाऊन वेद वाचायचे कशाला, असं त्या काळीही लोक म्हणाले असतील. परत आल्यावर त्यांनी शिवाजी शिक्षण संस्था उभी केली, जिच्या शाळा-कॉलेजांतून विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या पिढ्या शिकल्या. १९५२ पासून १९६२ पर्यंत ते देशाचे कृषिमंत्री होते. अकोल्याचं कृषी विद्यापीठ त्यांच्या नावाचं आहे. वेदांवर प्रबंध लिहिलेल्या माणसाला शेती कळली नाही, असं म्हणायला कोण धजेल?

तिसरा आक्षेप आमच्याच जिल्ह्यात तयार झाला आहे आणि तो गांधींच्या नावानं केला जातो. वर्ध्यानं देशाला नई तालीम दिली, गांधीजींनी हाताला काम देणारं शिक्षण सांगितलं, म्हणून पोरांना कौशल्य शिकवा, आयटीआयला घाला, पुस्तकी कला विषय कशाला? हे म्हणणारे बहुतेक लोक नई तालीमचा अभ्यासक्रम न वाचता बोलतात. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद झाली आणि तिथून झाकिर हुसेन समिती नेमली गेली. समितीनं जो अभ्यासक्रम बनवला त्यात मूलोद्योग होता, हे खरं. त्याच्याच बरोबरीनं मातृभाषा होती, गणित होतं, सामाजिक अभ्यास होता, सामान्य विज्ञान होतं, चित्रकला होती, संगीत होतं, हिंदुस्थानी होती. सूत कातणाऱ्या मुलाला इतिहास आणि गाणं दोन्ही शिकवायचं, अशी ती योजना होती. कारागीर तयार करायचा आणि त्याला विचार करायला शिकवायचं नाही, हे गांधीजींच्या नावावर खपवू नये.

सेवाग्रामचंच दुसरं उदाहरण सांगतो, आणि ते तर थेट सायन्सवाल्यांचं आहे. सेवाग्रामचं महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालय १९६९ मध्ये सुशीला नय्यर यांनी काढलं. नीट येईपर्यंत तिथं एमबीबीएसला प्रवेश हवा असेल तर भौतिक, रसायन, जीवशास्त्राबरोबर गांधी विचाराची वेगळी प्रश्नपत्रिका लिहावी लागायची. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलाला आधी हे विचारलं जायचं की माणसाबद्दल, गावाबद्दल, सत्तेबद्दल तू काय वाचलं आहेस. प्रवेश मिळाल्यावर पोरांना आश्रमात राहावं लागायचं, गावं दत्तक घ्यावी लागायची. देशातलं हे पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. त्याच्या संस्थापकांना मानव्यविद्या फालतू वाटली नाही. देशभर एकच परीक्षा झाली आणि ती प्रश्नपत्रिका गेली. मला ते मोठं नुकसान वाटतं.

आता चौथा आक्षेप, आणि इथं मी समोरच्याशी भांडणार नाही, त्याच्या बाजूनं थोडं बोलणार आहे. ‘आर्ट सोपं असते, वर्गात जायचीही गरज नाही, मार्गदर्शक घेतलं की पास.’ हे आज खरं आहे. ते खरं आहे हीच शरमेची बाब आहे. ग्रामीण भागातल्या बऱ्याच कला महाविद्यालयांत हजेरीपटावर शंभर नावं आणि वर्गात बारा डोकी असतात. प्रवेशाच्या दिवशी दिसलेला मुलगा थेट परीक्षेला दिसतो. शिकवणारे तासिका तत्त्वावर, त्यांचं मानधन कधी येईल याचा भरवसा नाही, मग ते दोन कॉलेजं सांभाळतात. १८५७ च्या उठावाची कारणं राजकीय, आर्थिक, सामाजिक, धार्मिक, लष्करी अशा पाच मथळ्यांत पाठ करायची आणि उतरवायची. पाचही मथळे लिहिले की गुण. कारण आणि निमित्त यांत फरक काय, पुरावा कुठून आला, हा इतिहास कुणी लिहिला, असं विचारणारा प्रश्न तीन वर्षांत एकदाही येत नाही. असं शिकलेला मुलगा बाहेर पडल्यावर लोक म्हणतात, आर्टमध्ये काही नसते. पोराला इतिहास शिकवलाच नाही आणि दोष इतिहासाला दिला.

या विषयांत काय असतं ते दाखवण्यासाठी अल्लीपूरच्या हद्दीबाहेर जायचीही गरज नाही. वर्धा नदीच्या अलीकडे आपण, पलीकडे यवतमाळ जिल्हा, म्हणजे जुना वऱ्हाड. पाणी एक, काळी माती एक, पीक एक. तरी जमिनीचा इतिहास नदीनं दोन भागांत तोडलेला आहे. पलीकडचा वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला आणि तिथं रयतवारी लागू झाली. कास्तकार थेट सरकारला सारा भरायचा. आपला वर्धा जिल्हा नागपूरपासून तोडून १८६२ मध्ये वेगळा केला गेला आणि तो मध्य प्रांतात होता. इथं मालगुजारी. गावाचा मालक मालगुजार, सारा त्याच्या हातून जायचा, पडीत जमीन, कुरण, झाडं, पाणी यांवर त्याचा अंमल. मालगुजारी गेली ती १९५० च्या कायद्यानं.

मालगुजार गेल्यावर गावाच्या कुरणाचं, जळणाचं, पाण्याचं काय? त्यासाठी निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज हे दोन दस्तऐवज आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत १६१ आणि १६५ व्या कलमात ते आहेत आणि फक्त विदर्भाला लागू आहेत. गावातल्या बिनकब्जाच्या जमिनीत कुणाला गुरं चारता येतील, कुणाला लाकूडफाटा नेता येईल, हे निस्तारपत्रकात. वहिवाटीचा रस्ता, पाणी, मासेमारी यांच्या रूढी वाजिब-उल-अर्जात. पांदण रस्त्यावरून भावकीत डोकी फुटतात, ई-क्लासच्या सरकारी जमिनीवरून ग्रामसभा तापते, आणि त्याचं उत्तर असलेला कागद महसूल दप्तरात धूळ खात पडलेला असतो. गावात पदवीधर भरपूर आहेत. तो कागद वाचता येणारा, त्यातल्या शब्दांमागचा काळ समजणारा, आजच्या कायद्याशी त्याची सांगड घालणारा पदवीधर किती गावांत आहे? हे काम इतिहासाचं आहे, राज्यशास्त्राचं आहे, भाषेचं आहे. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला हा एक प्रकल्प द्या आणि मग म्हणा आर्ट सोपं असते.

कापसाचंही तसंच. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि आपल्या भागातल्या कापसाला कधी नव्हता असा भाव आला. हिंगणघाटचा कापूस हे नाव विलायतेच्या बाजारात चालायचं. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत आली. युद्ध संपलं, भाव कोसळले, कास्तकाराच्या डोक्यावर सावकाराचं कर्ज राहिलं. १९७२ मध्ये राज्याची एकाधिकार कापूस खरेदी आली. २००२ मध्ये बीटी बियाणं आलं. २००६ मध्ये पंतप्रधानांचं पॅकेज आलं, त्यातल्या सहा जिल्ह्यांत वर्धा होता. दीडशे वर्षांची ही साखळी ज्याला सलग सांगता येते तो शेतकरी हमीभावाच्या सभेत वेगळं बोलतो. शेतकरी आत्महत्यांच्या काळात देशाला विदर्भ समजावून सांगण्यात ज्यांचा वाटा मोठा होता ते पी. साईनाथ इतिहासाचे विद्यार्थी. बियाणं शास्त्रज्ञ बनवेल, त्याचे आभार. पण चांगलं पीक आलेल्या वर्षीच भाव का पडतो, ही गाठ प्रयोगशाळेत सुटत नाही. ती सोडवायला आपल्याच घरातलं कुणीतरी अर्थशास्त्र आणि इतिहास मनापासून शिकलेलं लागेल. दुसऱ्या गावचा तज्ज्ञ येऊन आपलं दुखणं सांगून जातो तेव्हा तो चहा पिऊन जातो, दुखणं इथंच राहतं.

मुलींबद्दल वेगळं बोलायला हवं. कला शाखेच्या वर्गात आज मुली जास्त दिसतात आणि त्याबद्दल कुणी अभिमानानं बोलत असेल तर त्यानं थांबावं. त्यातल्या कितीजणींनी ती शाखा निवडली? “पोरीले कायले बाहेर पाठवाचं, इथंच आर्ट करू दे, लग्न जमेपर्यंत.” बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा मोफत पास आहे, तरी हिंगणघाटला प्रयोगशाळा असलेल्या कॉलेजात तिला पाठवत नाहीत. कला शाखा तिच्यासाठी वाट पाहण्याची खोली करून ठेवली आहे. जिला भौतिकशास्त्र हवं होतं तिच्यावर हा अन्याय आहे, आणि जिला खरोखर मानसशास्त्र किंवा साहित्य शिकायचं होतं तिच्यावरही, कारण तिचं शिकणं घरात कुणी शिकणं धरतच नाही. मी कला शाखेची बाजू घेतो ती अशा कोंबून भरलेल्या प्रवेशांसाठी नाही.

निवडीचा प्रश्न आता पूर्वीसारखा अकरावीपुरता राहिलेलाही नाही. २०२४-२५ पासून आपल्या विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत नवं शैक्षणिक धोरण आलं. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह. ओपन इलेक्टिव्ह तर आपल्या विद्याशाखेच्या बाहेरूनच घ्यायचा आहे. म्हणजे बी.एस्सी.च्या मुलाला कायदेशीर हक्कानं इतिहास किंवा मानसशास्त्र शिकता येतं, आणि बी.ए.च्या मुलीला संगणक किंवा संख्याशास्त्र. पुण्यात लाखो रुपये भरून जे मिळतं त्याचा आराखडा कागदावर हिंगणघाटला आणि वर्ध्याला आला आहे. प्रत्यक्षात काय होतं? कोणत्या प्राध्यापकाचा वर्कलोड कमी पडतो ते पाहून इलेक्टिव्ह ठरतो. विद्यार्थ्याला यादी दाखवली जाते ती एका नावाची. मुलं विचारतात, सोपा कोणता? आणि सोपा तोच लोकप्रिय होतो. विद्यार्थ्यांना मी सांगेन की सोपा विषय शोधू नका. अर्थशास्त्र मेजर असेल तर संख्याशास्त्र मागून घ्या, मराठी असेल तर इतिहास किंवा भाषांतर मागा, राज्यशास्त्र असेल तर स्थानिक महसूल कायदा वाचा. कॉलेज नाही म्हणालं तर चार जण मिळून प्राचार्यांना अर्ज द्या. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

पुढच्या वाटाही इथंच आहेत. वर्ध्याला टेकडीवर महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे. १९९७ पासूनचं केंद्रीय विद्यापीठ. साहित्य, भाषांतर, मानववंशशास्त्र, नाट्य आणि चित्रपट, जनसंचार, गांधी आणि शांती अध्ययन असे विषय तिथं आहेत. बिहार आणि उत्तर प्रदेशची मुलं दीड दिवस रेल्वेत बसून तिथं शिकायला येतात. अल्लीपूरहून एसटीनं सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. आपल्या किती मुलांनी त्या टेकडीवर पाय ठेवला आहे? आणि शेजारच्या जिल्ह्यातलं उदाहरण हवं असेल तर यवतमाळहून सुरू झालेली एकलव्य संस्था पाहा. ती काढणारे राजू केंद्रे बुलढाणा जिल्ह्यातल्या खेड्यातले. बी.ए. केलं ते मुक्त विद्यापीठातून. मग टाटा सामाजिक विज्ञान संस्था, मग चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडन. आता त्यांची संस्था पहिल्या पिढीतल्या मुलांना देशातल्या नामांकित विद्यापीठांच्या दारापर्यंत नेते. शिष्यवृत्त्या आहेत, वसतिगृहं आहेत. कमी आहे ती दहावीच्या पोराला हे वेळेवर सांगणाऱ्या माणसाची.

म्हणून गुणवंतांच्या सत्काराला येणाऱ्या पाहुण्यांना एक विनंती. व्यासपीठावरून ‘सायन्स घ्या, मोठे व्हा’ एवढंच सांगून जाऊ नका. त्या मंडपात एखादी मुलगी बसलेली असते जिला नव्वद टक्के आहेत आणि राज्यशास्त्र शिकायचं आहे. तुमच्या एका वाक्यानं तिचा घरातला झगडा ती हरते. कला महाविद्यालयांच्या चालकांना विनंती नाही, मागणी आहे. वर्ग भरवा, तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांचे पैसे वेळेवर द्या, पाठांतराचे प्रश्न काढणं थांबवा आणि गावातला एक तरी कागद विद्यार्थ्याच्या हातात द्या. हे होत नाही तोवर आम्ही पालकांना कोणत्या तोंडानं सांगणार?

आणि यंदा अल्लीपुरात ज्या घरात दहावी झालेला मुलगा किंवा मुलगी आहे, त्या आईबापांनी अकरावीचा फॉर्म भरायला केंद्रावर जायच्या आधी एक संध्याकाळ काढा. टक्के बाजूला ठेवा, शेजाऱ्याचं पोरगं बाजूला ठेवा. तुला काय शिकावंसं वाटतं, हे त्याला विचारा आणि उत्तर येईपर्यंत मध्ये बोलू नका. भौतिकशास्त्र म्हणाला तर त्याला हिंगणघाटला पाठवा. इतिहास म्हणाली तर तिला अडवू नका, आणि लोकांनी विचारलंच, तर सांगा की आमच्या पोरीनं तो निवडला आहे.